झांबेझीच्या काठचा एक दिवस आणि अम्बुयाच्या हातचं जेवण

मी गेली २२ वर्षं इथे बडोद्यात शाळेत भूगोल शिकवते. आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर किती वेळा काढला असेल त्याची गणती नाही, डोळे मिटून काढता येतो आता. त्या नकाशात झांबेझी म्हणजे खालच्या बाजूला वाकडीतिकडी जाणारी एक निळी रेघ आणि तिच्यावर दोन खुणा, एक व्हिक्टोरिया धबधबा आणि एक करिबा धरण, दोन्हींना एकेक ओळ, मुलं पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात, झालं. यंदा मेच्या सुट्टीत ती रेघ प्रत्यक्ष बघायला मिळाली आणि तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज शाळा सुरू व्हायच्या आधी लिहूनच टाकते.

जाणं झालं ते शेजारच्या मासींमुळे. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घराशेजारी त्या राहतात, त्यांचे भाऊ कित्येक वर्षांपासून झांबियात लिव्हिंगस्टन गावात आहेत, हार्डवेअरचं दुकान आहे, आणि मासी दरवर्षी म्हणायच्या की तू एवढं आफ्रिका आफ्रिका करतेस तर एकदा जाऊन ये ना, घरच आहे. शेवटी आम्ही दोघं, मी आणि नवरा, मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लुसाका आणि मग बसने पावणेपाचशे किलोमीटर असं करत पोचलो. बडोद्यात ४३ डिग्री आणि तिथे सकाळी स्वेटर, कारण तिकडे मे म्हणजे थंडीची सुरुवात, हे मी मुलांना दरवर्षी सांगते, पण शेकोटीपाशी बसून सांगण्यात वेगळीच गंमत असते.

सकाळी सहाला मी तयार होऊन बसले होते. मामा (मासींचे भाऊ म्हणजे आमचेही मामाच) म्हणाले, "बेन, पहेलां चा-नास्तो, पछी धोध," म्हणजे आधी चहा-नाश्ता, मग धबधबा. मामींनी थेपले, छुंदो, मसाल्याचा चहा असं सगळं टेबलावर मांडलेलं, वर वाटेसाठी डबा. घरात देवघर, भिंतीवर अंबामातेचं कॅलेंडर, आणि खिडकीतून बाहेर बघितलं तर लांब झाडांच्या वर एक पांढरा ढग, बाकी आकाश स्वच्छ निळं. मी विचारलं हा एकटाच ढग कसा, तर मामा म्हणाले तो ढग नाही, तोच धबधबा आहे. गावापासून दहा-बारा किलोमीटरवर धबधबा आणि त्याचे तुषार स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात! पाणी भरात असताना हे तुषार चारशे मीटरच्या वर जातात आणि ४०-५० किलोमीटरवरूनही दिसतात असं वाचलं होतं, पण चहाचा कप हातात धरून ते बघणं म्हणजे काय ते सांगता येत नाही मला.

मामांच्या दुकानात १८ वर्षांपासून काम करणारा एक माणूस आहे, पन्नाशीचा, तो त्या दिवशी आम्हाला घेऊन फिरणार होता. आम्ही त्याला दादाच म्हणायला लागलो. गाडीत बसल्या बसल्या मी त्याला विचारलं, धबधब्याला किती वेळ लागेल, तर त्याने हसून आधी आम्हाला गुड मॉर्निंग म्हटलं, कसे आहात विचारलं, झोप लागली का विचारलं, आणि मग सांगितलं वीस मिनिटं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मामा नंतर म्हणाले की इथे कुणालाही काही विचारायच्या आधी ख्यालीखुशाली विचारायची, मग ते दुकान असो नाहीतर रस्त्यावरचा पोलीस. मग दादाकडून वाटेत टोंगा भाषेतलं शिकून घेतलं, "म्वाबुका बुती", म्हणजे कसे उठलात, आणि आभार मानायचे तर "त्वालुंबा". अजून एक गोष्ट त्याने सांगितली, तिथे मोठ्या माणसाच्या नावाआधी आदराने "बा" लावतात. आमच्याकडे गुजरातेत आईला बा म्हणतात, मामांची मुलंसुद्धा मामींना बाच म्हणतात, आणि इकडेही "बा" हा मानाचाच शब्द, मला हे इतकं आवडलं की दिवसभर मी दादाला बा-दादा म्हणत होते.

आता धबधबा. त्याचं खरं नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, हे कोलोलो लोकांनी दिलेलं. त्याच्याही आधीपासून तिथल्या टोका-लेया लोकांचं नाव शुंगू नामुतितिमा. डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाला १६ नोव्हेंबर १८५५ ला इथल्याच लोकांनी डोंग्यातून नेऊन तो दाखवला आणि त्याने आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं. पुस्तकात आपण "शोध लावला" असं लिहितो. मी यंदापासून तो शब्द वर्गात वापरणार नाहीये, दाखवणारे लोक तिथे उभे असताना शोध कसला.

आकडे मला तोंडपाठ, रुंदी १७०८ मीटर, उंची १०८ मीटर. आपला कर्नाटकातला जोग धबधबा उंचीला २५३ मीटर म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, पण जोग धारांनी पडतो आणि हा म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटरची अख्खी नदी एका फटीत पडते. फटच आहे ती. समोरासमोर दोन कडे, मधे अरुंद घळ, नदी एका कड्यावरून पडते आणि आपण समोरच्या कड्यावर उभे. मे महिन्यात पाणी इतकं असतं की सगळीकडे धबधबा दिसत नाही, ऐकू येतो. नाइफ एज ब्रिज म्हणून एक चिंचोळा पादचारी पूल आहे, त्यावर गेलो तेव्हा भाड्याचे रेनकोट घातले होते तरी आतपर्यंत चिंब, कारण पाऊस वरून येतच नव्हता, खालून वर येत होता, दरीतून. समोर नुसतं पांढरं, कानात तो आवाज, छातीत पण जाणवतो तो, आणि मग एकदम वारा फिरला आणि पडदा बाजूला झाल्यासारखा अख्खा कडा समोर, पाणी पाणी पाणी, आणि पायाखाली इंद्रधनुष्य, अर्धं नाही, जवळजवळ पूर्ण गोल. मी रडले. नवरा काही बोलला नाही, नुसता हात धरून उभा राहिला. चार-पाच सेकंदांत परत सगळं पांढरं.

मला तिथे उभं राहून आमचा पावागढ आठवत होता. कारण दगड तोच, बसाल्ट, काळा कातळ. तिथला बसाल्ट साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आपला दख्खनचा साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे तो आपल्या सह्याद्रीचा बराच थोरला भाऊ. लाव्हा थंड होताना त्याला भेगा पडल्या, त्या भेगांमध्ये मऊ गाळ-दगड भरला, आणि नदीने तो मऊ भाग कोरून काढला. एक भेग कोरून झाली की नदी मागे सरकून पुढची भेग धरते, म्हणून धबधब्याच्या खाली नदी नागमोडी घळींमधून जाते आणि त्यातली प्रत्येक घळ ही एके काळची धबधब्याची जागा आहे. हे मी वर्गात खडूने काढून दाखवलंय. तिथे दादाने पुलाजवळच्या एका जागेवरून खाली वळणारी घळ दाखवली आणि मी त्यालाच सगळं समजावून सांगायला लागले, तो बिचारा शांतपणे ऐकत होता, शेवटी म्हणाला, "मॅडम, माझी आई म्हणते नदीला एका जागी बसायला आवडत नाही." झालं की, माझ्या अख्ख्या तासाचं सार.

रेल्वेचा पूल पण बघितला, १९०५ चा, पोलादी कमान, खाली १२८ मीटरवर नदी, अर्धा पूल झांबियात आणि अर्धा झिंबाब्वेत. सेसिल ऱ्होड्स या इंग्रज साम्राज्यवादी पुढाऱ्याला म्हणे गाडीतल्या प्रवाशांच्या अंगावर धबधब्याचे तुषार उडावेत असं वाटत होतं म्हणून पूल मुद्दाम इतका जवळ बांधला, तो स्वतः मात्र १९०२ सालीच गेला, त्याने हा धबधबा कधी बघितलाच नाही. पुलावरून लोक पायाला दोर बांधून उड्या मारत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हटलं, विषय संपला. खाली बॉइलिंग पॉट नावाच्या भोवऱ्यापर्यंत उतरायची वाट ओली होती म्हणून अर्ध्यातून परत आलो, माकडं मात्र भरपूर, बबून, मामींचा थेपल्यांचा डबा गाडीतच ठेवला होता ते बरं झालं.

बाहेर वस्तूंच्या स्टॉलवर मी गळ्यातलं एक पेंडंट घेतलं, लाकडाचं, सापासारखं वेटोळं अंग आणि माशासारखं डोकं. विकणाऱ्या बाईने सांगितलं हा न्यामी न्यामी, झांबेझीतला देव. मला ते नाव माहीत होतं, करिबाच्या धड्याच्या वेळी कुठेतरी वाचलेलं. छान दिसतंय म्हणून लगेच गळ्यात घातलं, तेवढंच.

दुपारचं जेवण दादाच्या आईकडे होतं. मामी सकाळपासून काळजीत की आम्ही दोघं शाकाहारी, गावात काय मिळणार, म्हणून त्यांनी डबा दुप्पट भरला होता. दादा म्हणाला काळजी करू नका, आईला सांगून ठेवलंय. डांबरी रस्ता सोडून आत कच्च्या रस्त्याने बराच वेळ, दोन्ही बाजूंना कापणी झालेला मका, वाळलेली ताटं, आणि मग स्वच्छ झाडलेलं अंगण, इतकं स्वच्छ की झाडूच्या रेघा दिसत होत्या, आपल्याकडे सडा घालायच्या आधी असतात तशा. गवताच्या छपराचं गोल स्वयंपाकघर, शेजारी पत्र्याचं छोटं घर, छपरावर एक लहानसं सोलर पॅनल, आंब्याचं झाड. आंब्याखाली आई बसलेल्या. दादा त्यांच्यासमोर खाली वाकला, हलकेच टाळ्या वाजवल्या, तिथे मोठ्यांना मान द्यायची ती पद्धत. मी काय करावं न कळून सरळ वाकून नमस्कार केला, पायाला हात लावून. त्या दचकल्या. दादाने सांगितलं की त्यांच्याकडे हा मान आहे, मग त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले आणि खूप वेळ सोडलेच नाहीत. त्यांना सगळे अम्बुया म्हणत होते, आजी. पंचाहत्तरी तरी असेल.

आधी बोलणं, मग जेवण. पीक कसं झालं, आमच्या आईवडिलांची तब्येत कशी आहे, मुलं किती, प्रवासात त्रास झाला का, एकेक प्रश्न, एकेक उत्तर, दादा मधे बसून इंग्लिश करून सांगत होता. मग बारा-तेरा वर्षांची नात आली, हातात पाण्याचं भांडं आणि खाली टोपलं, गुडघ्यावर बसली आणि आमच्या हातावर पाणी घातलं, पाहुण्यांना आधी. मला लहानपणी आमच्या आजीने शिकवलेलं आठवलं, पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी आणि गुळाचा खडा.

जेवायला न्शिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाची, आधी पातळ पेज करायची, मग मूठ मूठ पीठ टाकत लाकडी उलथन्याने घोटत राहायची, हाताला ताकद लागते. आमचं बडोद्यातलं खीचू आणि आपली तांदळाची उकड यांच्यातली घट्ट बहीण म्हणा, फक्त मीठ नाही, फोडणी नाही. हाताने छोटा गोळा तोडायचा, तळहातावर वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. आणि भाजी! भोपळ्याची कोवळी पानं, टोमॅटो, आणि त्यात शेंगदाण्याचा कूट. चिब्वाब्वा म्हणतात पानांना. पहिला घास घेतला आणि मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, दोघांच्याही डोक्यात एकच, अळूची पातळ भाजी. गूळ-चिंच नाही, पण तो दाण्याचा कूट पानांत शिजून जो दाटपणा येतो ना तो तोच. लग्नाच्या पंगतीतली भाजी झांबियात एका अंगणात चटईवर बसून खाल्ली. मी तीनदा घेतली. मामींचा डबा पण उघडला आणि नातीला थेपला एवढा आवडला की ती छुंद्याची बरणी घेऊनच बसली.

अम्बुया मात्र अस्वस्थ होत्या. पाहुणा आला की कोंबडी करायची ही त्यांची रीत, कोंबडी नाही म्हणजे पाहुण्याला काही दिलंच नाही असं त्यांना वाटत होतं. मी परत परत सांगितलं की हे माझ्या आईच्या हातच्यासारखं आहे, मग कुठे जरा हसल्या.

आणि मग त्यांना माझ्या गळ्यातलं दिसलं. हात पुढे करून त्यांनी ते पेंडंट दोन बोटांत धरलं आणि काहीतरी बोलल्या, दादा लगेच इंग्लिश करेना. मग म्हणाला, आई या न्यामी न्यामीच्या गावची आहे.

अम्बुया ग्वेम्बे खोऱ्यातल्या. झांबेझीचं खालच्या अंगाचं खोरं, जिथे आता करिबा तलाव आहे तिथलं. लग्न होऊन इकडे आल्या. मी वर्गात करिबा कसा शिकवते सांगू का, "पाण्याच्या साठ्याच्या दृष्टीने जगातला सर्वात मोठा मानवनिर्मित जलाशय, धरण १९५९ मध्ये पूर्ण, दोनशे किलोमीटरहून लांब." अभिमानानेच सांगायचे, माणसाने काय काय केलंय बघा. आणि समोर बसलेली बाई आठ-एक वर्षांची असताना तिच्या दारात लॉरी आली होती. दोन्ही काठांवरचे मिळून ५७ हजार टोंगा लोक उठवले गेले. त्या सांगत होत्या, नदीकाठी आमची दोन शेतं असायची, एक वरचं पावसाचं आणि एक अगदी काठाला, पूर ओसरला की गाळात पेरायचं, म्हणजे वर्षातून दोनदा पीक, भूक म्हणून माहीत नव्हती. नवीन जागी जमीन कोरडी, नदी नाही. लॉरीत भांडी बसली, कोंबड्या बसल्या, आजोबांची कबर राहिली. एवढंच म्हणाल्या, रडल्या वगैरे नाहीत, शेंगा सोलता सोलता सांगत होत्या.

न्यामी न्यामीचं पण त्यांनीच सांगितलं. तो आणि त्याची बायको नदीत राहायचे, धरणाची भिंत मधे आली आणि ती एकीकडे राहिली, तो एकीकडे. बांधकाम चालू असताना १९५७ ला आणि परत १९५८ ला मोठे पूर आले, भिंतीचं काम वाहून गेलं, ते त्याच्याच रागाने असं लोक मानतात. पुराचं तर मला पण माहीत होतं, तारखेसकट, पण ते मी हवामानाच्या धड्यात घालायचे. २०२४ च्या दुष्काळात करिबात पाणी इतकं खाली गेलं की अख्ख्या झांबियात तासन् तास वीज नव्हती, तेव्हा अम्बुया म्हणाल्या होत्या म्हणे, तो बायकोला शोधायला गेला असेल.

मी त्यांना नर्मदेचं सांगितलं. आमच्या गावाबाहेरून नर्मदेचा कालवा जातो, त्या पाण्यावर आमच्याकडे शेती पिकते, आणि मी लहान असताना बाबांबरोबर हाफेश्वरला गेले होते, नर्मदेकाठचं महादेवाचं जुनं देऊळ, ते आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. तिथली माणसं पण उठली. हे मी आजवर कुठल्याच वर्गात करिबाच्या शेजारी ठेवून बोलले नव्हते, तिथे चटईवर बसून पहिल्यांदा बोलले आणि माझाच आवाज मला वेगळा वाटला.

त्यांनी विचारलं, तुमच्या नदीत कोण राहतं?

मी म्हटलं, आई राहते, मगरीवर बसलेली.

दादाने ते सांगितलं आणि अम्बुयांनी शेंगा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, मान हलवत, हो हो असंच असणार अशा. मग नातीला मगरींबद्दल सगळं ऐकायचं होतं, मी तिला सांगितलं की आमच्या बडोद्यात गावातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात खऱ्या मगरी आहेत, २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात तर रस्त्यावर आल्या होत्या, फोनमधले फोटो दाखवले. झांबेझीच्या मगरी बघून मोठी झालेली मुलगी, पण गावात, दुकानांसमोर मगर हे तिला पटेचना, आईला हाक मारून मारून फोटो दाखवत होती.

संध्याकाळी म्युझियम बघायचं ठरलं होतं, लिव्हिंगस्टनची पत्रं आहेत तिथे, ते राहिलंच. नवरा दोनदा घड्याळाकडे बघून गप्प बसला. उन्हं उतरली तेव्हा निघालो. मला वाटलं निरोप अंगणात, पण अम्बुया काठी घेऊन आमच्याबरोबर निघाल्या, पाहुण्याला दारातून सोडत नाहीत तिथे, वाटेपर्यंत पोचवायचं. गाडी मुद्दाम पुढे उभी केली दादाने आणि आम्ही सगळे त्यांच्या चालीने हळूहळू मक्याच्या ताटांमधून चालत गेलो, त्या माझा हात धरून. नातीने रंगीत चितेंगेच्या, म्हणजे तिथल्या छापील कापडाच्या, तुकड्यात बांधलेलं गाठोडं दिलं, या वर्षीचे शेंगदाणे, दोन किलो तरी असतील. त्वालुंबा म्हटलं, तेवढंच येत होतं मला.

गाडीत बसताना तोंडातून मराठीच निघालं, "येते हं अम्बुया." त्यांनी दादाला विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं की आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. दादाने सांगितलं. अम्बुया काही तरी बोलल्या, लांबलचक, हाताने शेताकडे दाखवत, आणि दादा हसायला लागला.

"आई म्हणते, नोव्हेंबरात पाऊस येतो तेव्हा ती भोपळा लावते. तुम्ही येणार असाल तर दोन वेली जास्त लावीन म्हणतेय."